नवाच्या पोटात दडलेला आकडा

वाचकाचं पत्र: "कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना आज्जीच्या पितळी डब्यात नाणी सापडली. त्यात तांब्याचा एक पाव आणा आहे, साल १८८९. शेवटच्या नवाच्या पोटात आणखी एखादा आकडा असल्यासारखं दिसतं. मोबाईलवर एका व्हिडिओत सांगितलं की हे 'ओव्हरडेट' नाणं, म्हणजे जुन्या सालावर नवं साल ठोकलेलं, लाखांत जातं. गुजरीतले ओळखीचे सराफ म्हणाले, तांबं आहे, घासून काढा म्हणजे नीट दिसेल. शिवाय १८६२ चा एक राणीछाप रुपया आहे, त्याच्या सालाखाली ठिपका आहे. आणि १९०७ च्या एका रुपयावर सगळी अक्षरं डबल दिसतात. तिन्हींचे फोटो पाठवतो आहे. साल दोनदा ठोकलंय हे ओळखायचं कसं? आणि नाणी घासू का?"

घासू नका.

सराफांचा सल्ला दागिन्यासाठी बरोबर आहे, नाण्यासाठी नाही. तुम्हाला जो खालचा आकडा शोधायचा आहे, त्याचा उठाव मुख्य आकड्याच्या मानानं फार थोडा असतो. कधी कधी तर केसाच्या जाडीइतकाच. पितांबरी, चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावलंत तर आम्ल तांब्याचा वरचा थर खातं आणि घासण्यानं कडा गोल होतात. म्हणजे पुरावा होता की नव्हता, हे कायमचं कळेनासं होतं. वर नाणं गुलाबी-नारिंगी दिसायला लागतं आणि जाणकार ते हातात घेताच परत ठेवतो.

माती किंवा तेलकट मळ असेल तर एवढंच करा: काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर घ्या (बॅटरीवाल्याकडे मिळतं), नाणं रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी पाणी बदला, पुन्हा रात्रभर ठेवा. बाहेर काढल्यावर जुन्या सुती कापडावर दाबून टिपा, फिरवून पुसू नका. चिकट थर तरीही राहिला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये दहा मिनिटं ठेवा. नेलपॉलिश काढायच्या बाटलीतलं नको, त्यात तेल आणि रंग मिसळलेले असतात. काम खिडकीशी आणि गॅसच्या शेगडीपासून लांब करा. ॲसिटोनची वाफ पेट घेते. हिरवा कीट घट्ट बसलेला असेल तर सुईनं खरवडू नका. सुईचा एक ओरखडा आकड्यात गेला की पुढच्या दहा जणांना तोच 'खालचा आकडा' वाटतो.

आता तुमची दोन सोपी नाणी बाजूला काढू.

१८६२ च्या रुपयाखालचा ठिपका हा दोष नाही आणि कुणी मारलेला टोचाही नाही. व्हिक्टोरियाच्या या रुपयावर १८६२ हेच साल अनेक वर्षं गोठवून ठेवलं होतं. रुपयावर दर वर्षी खरं साल यायला लागलं ते १८७४ पासून. मधल्या काळात मुंबई टाकसाळीनं ठिपक्यांची खूण वापरली. ते सालाखाली असतात, काही नाण्यांवर वरच्या फुलाच्या बाजूलाही असतात, आणि संग्राहक त्यांची संख्या आणि जागा मोजून प्रकार लावतात. तुमचा ठिपका गोल, उठावदार आणि सालाच्या मध्याखाली नीट बसलेला आहे. भिंगानं वरचं फूलही तपासा आणि दोन्हीकडची संख्या लिहून ठेवा. यात आणखी एक गोष्ट आपसूक कळते. ज्या नाण्यावर साल बदलायचंच नव्हतं, त्यावर जुन्या सालावर नवं साल ठोकण्याचं कारणही नव्हतं. १८३५ चा विल्यमचा रुपया आणि १८४० चा व्हिक्टोरियाचा रुपया यांचंही तेच; दोन्ही सालं गोठलेली आहेत. या नाण्यांवर आकडा सरकून दोनदा बसलेला सापडू शकतो, पण '१८६२ च्या खाली १८६१' असं कुणी विकायला आणलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

१९०७ च्या रुपयावरची डबल अक्षरं म्हणजे मशीन डबलिंग. नाणं छापलं जाताना ठसा, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारा पोलादी ठोकळा, त्याच्या पकडीत जरा सैल असला, तर दाब सुटता सुटता तो किंचित घसरतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षरांची एक बाजू चेपतो. तुमच्या फोटोत साल, अक्षरं, फुलं सगळ्यांवर एकाच दिशेला सपाट, चकचकीत पायरी दिसते. आकड्याची मूळ जाडी वाढलेली नाही, उलट खाल्ली गेली आहे. ठशात काहीच नव्हतं. त्या एका ठोक्याला घडलं, बहुधा पुढच्या काही ठोक्यांनाही घडलं, आणि ठसा आवळल्यावर थांबलं. या प्रकाराला संग्राहक जादा पैसे देत नाहीत. ऑनलाईन 'डबल डाय' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं हेच असतं. रुपया मात्र चांदीचा आहे, जपून ठेवा.

राहिला पाव आणा.

सगळी ओळख एका गोष्टीवर उभी आहे, ती आधी पक्की करू. ठशात आकडा खोल आणि उलटा असतो. नाण्यावर तो उठून आणि सुलटा येतो. म्हणजे ठशात जे काही जादा खोदलं गेलं, ते नाण्यावर जादा धातू म्हणून उठलेलं दिसणार. नाण्यावर जे खाली गेलेलं आहे, खाच, ओरखडा, खड्डा, ते बहुतेक वेळा नंतर झालेलं. साल दोनदा ठोकल्याचा पुरावा नेहमी उठावातच शोधायचा.

हे घडायचं कसं? मुख्य साच्यावरून कामाचे ठसे निघत. वर्षागणिक नवा साचा करणं महाग पडे, म्हणून ब्रिटिश टाकसाळीत साच्यात सालाचे शेवटचे एक-दोन आकडे मोकळे ठेवून ते प्रत्येक ठशावर पोलादी पंचानं (टोकावर आकडा कोरलेल्या सळईनं) हातोडीनं ठोकण्याची पद्धत होती. पहिला ठोका हलका बसला किंवा पंच तिरका पडला की कारागीर तो पुन्हा नीट धरून ठोकी. पहिल्याची उथळ खूण दुसऱ्याच्या कडेनं डोकावत राही. हा झाला 'रीपंच': नवावर नऊ. दुसरा प्रकार म्हणजे मागच्या वर्षाचा चांगला ठसा उरला, फेकायचा जिवावर आला, आणि त्यावरच नव्या वर्षाचा आकडा ठोकला. तो 'ओव्हरडेट'. इंग्लंडच्या तांब्याच्या पेनीवर १८५८ मध्ये सातावर आठ ठोकलेली नाणी भरपूर सापडतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चारही आकड्यांचा एकच पंच वापरत, त्यामुळे तिथं रीपंच झालं की चारही आकडे एकाच दिशेला सरकलेले दिसतात. वेगळे आकडे ठोकलेल्या नाण्यावर एकच आकडा सरकतो, किंवा दोन आकडे दोन दिशांना जातात. विसाव्या शतकात साल मुख्य साच्यातच कोरायला लागले आणि हातोडीची चूक संपली. ओव्हरडेट मात्र पुरती संपली नाही. अमेरिकेच्या १९४२ च्या काही डाईमवर (दहा सेंटच्या नाण्यांवर) खाली १९४१ दिसतं, कारण त्या ठशाला एक दाब १९४१ च्या साच्याचा मिळाला आणि दुसरा १९४२ च्या. तिथं पंचाचा संबंध नाही. म्हणून सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवर रीपंच शोधत बसण्यापेक्षा १८७४ ते १९०१ च्या नाण्यांवर वेळ घालवलेला बरा.

बघायला काय लागतं? दहा पटीचं भिंग. गुजरीत खडे पाहायला वापरतात तेच. स्वस्तातलं 'साठ पटीचं' म्हणून विकतात ते घेऊ नका. साठ पटीला प्रत्येक ओरखडा डोंगर दिसतो आणि आकड्याचा आकार नजरेतून सुटतो. यूएसबी मायक्रोस्कोप असेल तर चालेल, पण तीस-चाळीस पटींच्या पुढे जाऊ नका. सोबत एकाच बल्बचा टेबललॅम्प. ट्यूबलाईट आणि छतावरचे दिवे बंद, कारण चारी बाजूंनी उजेड आला की उथळ उठावाला सावलीच पडत नाही.

नाणं काळ्या कापडावर ठेवा, कडेनंच धरा. दिवा इतका खाली आणा की उजेड नाण्यावर साधारण वीस अंशांच्या कोनात घासून जाईल. आता दिवा स्थिर ठेवून नाणं घड्याळाच्या काट्यासारखं सावकाश पूर्ण फिरवा. जो खरा उठाव आहे, त्याची सावली प्रत्येक कोनात दिव्याच्या उलट्या बाजूला जाईल. जो खड्डा आहे, त्याची सावली दिव्याच्या बाजूच्या काठाला चिकटून राहील. डाग असेल तर सावली पडणारच नाही, तो नुसता काळा राहील. या एका फेरीत घरातल्या डब्यांमधली निम्म्याहून जास्त 'ओव्हरडेट' गळून पडतात. मोबाईलचा फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत हा फरक कधीच येत नाही. तुमचा पहिला फोटो तसाच आहे, म्हणून तो आम्ही बाजूला ठेवला.

फेरी पार पडली तर पुढे चार ठिकाणं बघायची. आकड्याच्या पोटातली मोकळी जागा, म्हणजे इंग्रजी आठाच्या दोन्ही पोकळ्या आणि नवाची वरची पोकळी. आकड्याच्या टोकाची छोटी पट्टी, तिथं दोन ठोक्यांच्या मध्ये व्ही आकाराची खाच राहते. आकड्याची बाहेरची कड, जिला समांतर दुसरी कड दिसते. आणि आकड्याच्या वरची-खालची पार्श्वभूमी, जिथं चुकीच्या पंचाचं टोक एकटं पडलेलं असू शकतं. खऱ्या रीपंचात दुसऱ्या कडेला पंचाचाच गोलवा असतो. ती उतरती, भरीव असते, सपाट पायरी नसते. आणि शेजारच्या 'इंडिया' शब्दातली अक्षरं साफ असतात. अक्षरांतही तेच डबलपण असेल तर साल ठोकण्याचा विषय नाही. मग एक तर मशीन डबलिंग, नाही तर खरोखरची डबल डाय. डबल डायमध्ये साच्याचा दाब ठशाला दोनदा, थोडा सरकून मिळालेला असतो. तिथं अक्षरं जाड होतात आणि टोकांना खाच पडते; मशीन डबलिंगमध्ये अक्षरं बारीक होतात.

फसवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे ठशाचा तुटलेला कपचा. आठ, सहा, नऊ यांच्या पोकळीची जागा ठशात पातळ खांबासारखी उभी असते. हजारो ठोक्यांनंतर तो खांब कोपऱ्यात तुटतो आणि नाण्यावर त्या पोकळीत धातूचा गोळा येतो. तो उठावदार असतो, ठशातला असतो, त्या ठशाच्या पुढच्या सगळ्या नाण्यांवर येतो. म्हणजे वरच्या सगळ्या परीक्षा तो पास होतो. फरक एकच: त्याला आकार नसतो. तुमच्या नवाच्या पोटातल्या उठावाची कड जर वळणदार रेघ असेल आणि ती आकड्याबाहेर दुसऱ्या बाजूला पुढे निघालेली दिसत असेल, तर तो आकडा. नुसता ढेकूळ असेल, पोकळीबाहेर काही नसेल, तर कपचा.

झिजलेल्या ठशाचंही असंच. अशा ठशातून आलेल्या अक्षरांभोवती फुगीर, धूसर झालर दिसते, पार्श्वभूमी संत्र्याच्या सालीसारखी होते, आणि कडेकडची अक्षरं मधल्यापेक्षा जास्त बिघडलेली असतात. ठशाला तडा गेला असेल तर एक उठावदार रेघ सालातून आरपार जाऊन पलीकडे अक्षरातही शिरते; आकड्याची रेघ अशी भटकत नाही. आणि चिमटीत धरून दगडावर आपटलेल्या नाण्यावर आकडा एका बाजूला ढकलला जातो, तेव्हा त्याच्या उलट्या बाजूला चेपलेला चकाकता खळगा सापडतोच.

शिवराईवाल्यांसाठी जाता जाता: हातानं पाडलेल्या शिवराईवर 'श्री राजा शिव' दोनदा दिसलं तर ते ठशातलं नसतं. एक घाव बसल्यावर तांब्याचा तुकडा हलला आणि दुसरा घाव बसला, एवढंच. तिथं बहुतेकांवर सालही नाही आणि हा हिशोबही लागू नाही. बडोद्याच्या सयाजीरावांच्या यंत्रावर पाडलेल्या पैशांवर मात्र देवनागरीत संवत आहे, आणि ही परीक्षा तिथं लावता येते. संवतातून सत्तावन्न वजा केले की इसवी सन: १९४९ म्हणजे १८९२ च्या सुमाराचं नाणं. देवनागरी एक आणि नऊ यांची वळणं जवळची असल्यामुळे तिथं घाई जास्त महागात पडते.

आता खाली कुठला आकडा आहे ते. पुढचं सगळं इंग्रजी वळणाच्या आकड्यांबद्दल आहे, ते डोळ्यासमोर ठेवून वाचा. आठावर नऊ असेल, तर नवाच्या खालच्या डाव्या बाजूला, जिथं नवाला मोकळी जागा असते, तिथं आठाच्या खालच्या पोटाची डावी वळणदार भिंत उरलेली दिसली पाहिजे. शिवाय आठाची कंबर, म्हणजे दोन पोकळ्यांमधला सांधा, नवाच्या पोकळीच्या तळाशी बाहेर डोकावतो. सातावर आठ असेल, तर आठाच्या डोक्यावर सपाट आडवी पट्टी आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात तिचं टोक दिसतं. सातचा तिरपा पाय आठाच्या खालच्या पोकळीतून जातो. दोनावर तीन असेल, तर तिनाच्या बुडाला सरळ पाया उरतो. चारावर पाच असेल, तर चाराची आडवी दांडी पाचाच्या उजव्या बाहेर निघते. सहावर सात असेल, तर साताच्या पायाच्या उजवीकडे गोल पोटाचा तुकडा राहतो. नियम असा: खालच्या आकड्याचे किमान दोन वेगळे तुकडे, एकमेकांच्या योग्य जागी, मिळाले पाहिजेत. एका तुकड्यावरून कुठलाही आकडा 'दिसतो'. आषाढात ढगात हत्ती दिसतो, तसंच.

डोळ्यांवर विसंबू नका, एका फोटोवर दुसरा ठेवून पहा. मोबाईलवर दोन फोटो घ्या: एक तुमच्या नाण्याचा, दुसरा १८८८ च्या साध्या पाव आण्याचा. तो महाग नाही, जुन्या नाण्यांच्या दुकानात सहज मिळतो. दोन्ही फोटो नाण्याच्या अगदी वरून, एकाच अंतरावरून, एकाच दिशेच्या उजेडात. फोटो जोडण्याच्या कुठल्याही ॲपमध्ये १८८८ चा फोटो अर्धा पारदर्शक करून तुमच्या फोटोवर ठेवा. 'इंडिया' हा शब्द आणि सालातले पहिले दोन आकडे तंतोतंत जुळवा. सालाचा शेवटचा आकडा जुळवून मग बाकीचं बघायचं नाही, तसं केलं की हवं ते सिद्ध होतं. आता १८८८ मधला शेवटचा आठ तुमच्या नवाच्या खाली कुठं पडतो ते पहा. हातानं ठोकलेले आकडे प्रत्येक ठशावर जरा इकडे-तिकडे असतात, त्यामुळे थोडा फरक चालतो. पण आठाचं वळण आणि तुमच्या नाण्यावरची जादा रेघ यांची गोलाई जुळली पाहिजे. गोलाई जुळत नसेल तर तो आठ नव्हे. हाच उद्योग १८८९ च्या दुसऱ्या साध्या नाण्याचा नऊ घेऊन करा आणि तो थोडा सरकवून पहा.

तुमच्या दुसऱ्या, बाजूनं उजेड दिलेल्या फोटोवरून आमचा कल सांगतो. नवाच्या पोकळीतली चंद्रकोर वरच्या पोटाच्या वळणाला समांतर आहे आणि खाली-डावीकडे सरकलेली आहे. नवाच्या शेपटीच्या आतल्या बाजूलाही तेवढ्याच अंतरावर एक कड दिसते. खालच्या डाव्या मोकळ्या जागेत मात्र काहीही नाही. म्हणजे ओव्हरडेट नाही. नवावर नऊ, साधा रीपंच, असण्याची शक्यता जास्त. 'इंडिया'ची अक्षरं साफ आहेत, हे तुमच्या बाजूनं. शक्यताच म्हणतो, कारण पोकळीच्या तळाशी कीट आहे आणि त्याखाली कपचा असू शकतो. डिस्टिल्ड वॉटरच्या दोन रात्रींनंतर पुन्हा बघा.

शेवटची परीक्षा सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात खात्रीची: तेच दुसरं नाणं शोधा. एका ठशातून हजारो नाणी निघतात, आणि ठशातली चूक प्रत्येकावर त्याच जागी, त्याच आकारात येते. तुमच्यासारखीच चंद्रकोर असलेला १८८९ चा दुसरा पाव आणा मिळाला, झीज वेगळी आणि ओरखडे वेगळे पण कोर तीच, तर वाद संपला. तोपर्यंत तुमचं नाणं 'संभाव्य' या रकान्यात. शोधताना फोटो पाहून विकत घेऊ नका. विक्रेत्याला सालाचा जवळचा, बाजूच्या उजेडातला फोटो मागा. त्यानं नाही म्हटलं तर सोडून द्या, पाव आणे पुष्कळ आहेत.

वजनही करा. दोन दशांश दाखवणारा छोटा काटा पुरे. पाव आण्याचं कायद्यानं ठरलेलं वजन १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम, वापरलेलं नाणं सहा ग्रॅमच्या वर असलं तर ठीक. रुपया १८० ग्रेनचा, ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. वजन एवढ्यासाठी की सालाशी खेळ करणारे असतात. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ, म्हणून इतर सालांचे रुपये कोरून-जोडून १९३९ केलेले बाजारात फिरतात. बदललेल्या आकड्याभोवती पार्श्वभूमी किंचित खाली गेलेली असते, तिथं बारीक कानसीच्या रेघा असतात, रंग शेजारच्यापेक्षा वेगळा असतो, आणि चिकटवलेल्या आकड्याच्या बुडाला भिंगातून फट दिसते. ओतीव खोट्या नाण्याच्या कडेला जोडरेघ आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. दागिन्याला कडी लावलेले रुपये आपल्याकडे घरोघरी आहेत. डाक लावलेल्या जागेजवळची अक्षरं वितळून सुजलेली असतात. त्यांवरून काहीही ठरवू नका, आणि कडी काढायला तर मुळीच जाऊ नका.

किमतीबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर थोडक्यात. साध्या रीपंचला आपल्याकडे मागणी फार थोड्या लोकांची. जो राणीच्या पैशांचे ठसे गोळा करतो, तो थोडे जास्त देईल. बाकीच्यांना नाण्याची अवस्था महत्त्वाची, नऊ नव्हे. लाख वगैरे विसरा. आणि कुणी फोनवर "तुमचं नाणं घेतो, आधी नोंदणी फी भरा" किंवा "जीएसटी भरा" म्हणालं तर फोन ठेवा. असे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात, आणि जुनी नाणी-नोटा विकत घेण्याशी आपला संबंध नाही, असे पैसे आपण मागत नाही, असा खुलासा बँकेनं २०२१ मध्ये केला आहे. परदेशी ग्रेडिंगला पाठवायचा मोहही आवरा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमची तिन्ही नाणी त्यात बसतात.

ठेवायची कशी? मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत नको. त्यातून काही वर्षांत हिरवट चिकट द्रव सुटतो आणि तांब्याला लागतो. पुठ्ठ्याची चौकट आणि पॉलिस्टरची खिडकी असलेले होल्डर घ्या, पिना बाहेरून दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पंचगंगेला पाणी चढण्याच्या दिवसांत कोल्हापूरच्या पेठांतली भिंतसुद्धा घामेजते, त्यामुळे जून ते सप्टेंबर पुड्या दर पंधरा दिवसांनी कढईत मंद आचेवर कोरड्या करून घ्या. आणि आज्जीचा पितळी डबा वापरू नका, तो नुसता जपा.

पाण्याच्या दोन रात्री झाल्या की पुन्हा फोटो पाठवा: सालाचे आठ फोटो, उजेड घड्याळातल्या बारा, दीड, तीन, साडेचार अशा क्रमानं फिरवत घेतलेले, आणि त्याच उजेडात 'इंडिया' शब्दाचा एक. फ्लॅश बंद. फिल्टर तर अजिबात नको.